कॉम्प्रेसर किती एचपीचा घ्यायचा? आधी हवा मोजा, मग मशीन बघा



युनिट टाकायचं ठरलं, शेडचं बघून झालं, बँकेत फाइल द्यायची वेळ आली की एक प्रश्न हमखास येतो: "सर, कॉम्प्रेसर किती एचपीचा घेऊ?" नवापूरच्या डाळ मिलवाल्यालाही हाच प्रश्न असतो, शहाद्याच्या गॅरेजवाल्यालाही आणि नंदुरबारला मिरची पावडरचं पॅकिंग सुरू करणाऱ्यालाही.

या प्रश्नाला थेट उत्तर नाही, कारण प्रश्नच चुकीच्या टोकाने विचारलेला आहे. एचपी म्हणजे मोटरची ताकद. तुमच्या मशीनला मोटर नको असते, हवा हवी असते. ती किती, कोणत्या दाबाने आणि तासातली किती मिनिटं, हे तीन आकडे हातात असले की एचपी आपोआप कळतो. व्हिडिओत ही गोष्ट दहा मिनिटांत सांगितली होती. इथे आकडेमोड सविस्तर लिहून देतो, म्हणजे वही घेऊन बसता येईल.

एवढी काळजी कशासाठी?

कारण कॉम्प्रेसरचा खरा खर्च तो विकत घेताना होत नाही, तो दर महिन्याच्या वीजबिलात होतो. हिशोब करून बघा. १० एचपी म्हणजे जवळपास साडेसात किलोवॅट. मोटरचं नुकसान धरलं तर लाइनवरून साधारण ८.३ किलोवॅट ओढले जातात. रोज ८ तास, महिन्याला २५ दिवस पूर्ण लोडवर चालवलं तर १,६६० युनिट. युनिटचा दर ९ रुपये धरू (तुमच्या बिलावरचा दर बघून आकडा बदला). महिन्याला जवळपास १५,००० रुपये, वर्षाला १ लाख ८० हजार. मशीन दहा वर्षं चालतं. आता सांगा, दुकानदाराने किमतीत पाच हजार कमी केले हे महत्त्वाचं, की मशीन बरोबर मापाचं आहे हे महत्त्वाचं?

मोठं मशीन घेतलं तर हप्ता आणि बिल दोन्ही वाढतं. लहान घेतलं तर हवा पुरत नाही, मशीन थांबायचं नाव घेत नाही आणि वर्षभरात व्हॉल्व्ह-रिंग जातात. कर्ज काढून धंदा सुरू करणाऱ्याला दोन्ही परवडत नाही.

तीन शब्द आधी पक्के करा

सीएफएम: एका मिनिटात किती घनफूट हवा. १ सीएफएम म्हणजे सुमारे २८.३ लिटर प्रति मिनिट. काही कंपन्या घनमीटर प्रति मिनिटमध्ये आकडा देतात. १ घनमीटर म्हणजे ३५.३ सीएफएम.

दाब: बार, पीएसआय किंवा किलोमध्ये सांगतात. ७ बार म्हणजे साधारण १०० पीएसआय. बोलीभाषेतला "सात किलो प्रेशर" हा जवळपास तोच.

एफएडी: म्हणजे फ्री एअर डिलिव्हरी. मशीनमधून प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा, बाहेरच्या साध्या हवेच्या मापात मोजलेली. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. पिस्टन कॉम्प्रेसरच्या पत्रकावर बऱ्याचदा "पिस्टन डिस्प्लेसमेंट" लिहिलेलं असतं. तो सिलिंडरचा हिशोब झाला. प्रत्यक्ष हवा त्याच्या ६० ते ८० टक्केच मिळते. पत्रकावर २० सीएफएम डिस्प्लेसमेंट असेल तर हातात १२ ते १६ येणार. म्हणून कोटेशन मागताना एकच वाक्य लिहा: "अमुक बार दाबाला एफएडी किती सीएफएम, ते लेखी द्या."

अंदाजासाठी एक ठोकताळा: ७ बारला चांगला स्क्रू कॉम्प्रेसर एका एचपीमागे साधारण ४ सीएफएम देतो. पिस्टन त्यापेक्षा कमी, ३ ते साडेतीन.

हवेची गरज कशी काढायची?

पाच पायऱ्या आहेत:

१. हवेवर चालणाऱ्या प्रत्येक मशीनचं आणि टूलचं पत्रक घ्या. त्यावर सीएफएम आणि दाब लिहिलेला असतो.

२. प्रत्येकाचा वापर तासाला किती मिनिटं, ते लिहा. सगळी टूल्स एकाच वेळी चालत नाहीत.

३. सीएफएम गुणिले मिनिटं, भागिले ६०. ही त्या टूलची सरासरी गरज. सगळ्यांची बेरीज करा.

४. गळतीसाठी १० टक्के मिळवा. लाइन नवीन असली तरी मिळवा.

५. पुढच्या वाढीसाठी १५ ते २० टक्के. वाढ नक्की ठरलेली असेल तर तिचा खरा आकडा धरा. "राहू दे, पुढे लागेल" म्हणून दुप्पट करू नका.

आता आपल्या जिल्ह्यातली उदाहरणं घेऊ. यातले आकडे समजावण्यापुरते आहेत. तुम्ही तुमच्या पत्रकावरचे टाका.

उदाहरण १: हायवेवरचं ट्रकचं गॅरेज

सुरत-नागपूर हायवेवर विसरवाडी, नवापूरच्या बाजूला ट्रकचं काम भरपूर. समजा, इम्पॅक्ट गन ३० सीएफएम खाते, पण तासात ६ मिनिटंच चालते, सरासरी ३. टायरमध्ये हवा भरायला १० सीएफएम, तासात २० मिनिटं, सरासरी ३.३. फुंकणीने साफसफाई १२ सीएफएम, १० मिनिटं, सरासरी २. बेरीज ८.३. गळती धरून ९.१ आणि २० टक्के वाढ धरून ११ सीएफएम.

इथे दाबाकडे लक्ष द्या. ट्रकच्या टायरला ११० ते १२० पीएसआय लागतात. ७ बारचं मशीन म्हणजे १०० पीएसआय. ते हा टायर भरूच शकत नाही. म्हणून १० ते १२ बारचं, दोन स्टेजचं पिस्टन मशीन लागतं. १२ बारला १३-१४ सीएफएम एफएडी देणारं मशीन साधारण ५ एचपीच्या आसपास बसतं.

मग गन ३० सीएफएम मागते तेव्हा काय? त्यासाठी टँक आहे. गन सलग अर्धा मिनिट चालली तर तिला १५ घनफूट म्हणजे ४२५ लिटर हवा लागते. तेवढ्या वेळात मशीन ७ घनफूट, सुमारे २०० लिटर देतं. उरलेले २२५ लिटर टँकमधून येतात. टँक २५० लिटरचा असेल तर दाब एक बारसुद्धा उतरत नाही. थोडा वेळ जास्त हवा लागणारं काम असेल तिथे मोठी मोटर घेण्याआधी मोठा टँक घेऊन बघा. टँक बिल वाढवत नाही.

उदाहरण २: डाळ मिलचं सॉर्टेक्स

नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे. तिथे डाळीचं युनिट टाकणाऱ्याला आज ना उद्या कलर सॉर्टर, म्हणजे आपल्या भाषेत सॉर्टेक्स, लागतंच. कॅमेरा काळा किंवा डागी दाणा ओळखतो आणि बारीक नोझलमधून हवेचा फटका मारून त्याला बाजूला उडवतो. मशीन चालू आहे तोवर हवा अखंड लागते. दाब पडला की फटका हलका बसतो आणि खराब दाणा चांगल्या मालात जातो. म्हणजे दोष कॉम्प्रेसरचा, पण माल परत येतो तो तुमच्या ब्रँडचा.

समजा सॉर्टेक्सला २८ सीएफएम, बॅग भरायच्या मशीनला ३ आणि साफसफाईला सरासरी १. एकूण ३२. गळतीसह ३५. वाढीसाठी १५ टक्के धरले तर ४०. इथे पिस्टन चालणार नाही. हवेवर थंड होणारं साधं पिस्टन मशीन तासात ३५-४० मिनिटं चालवावं आणि बाकीचा वेळ त्याला विश्रांती द्यावी, अशा हिशोबाने घेतात. अखंड कामाला स्क्रू हवा. ४० सीएफएम म्हणजे १० एचपीचा स्क्रू.

आता कोणी म्हणालं, "भाऊ, २०चाच घेऊन टाका, टेन्शन नको," तर काय होईल? २० एचपीचा स्क्रू ८० सीएफएम देतो. तुमची गरज ३५. उरलेल्या वेळात तो हवा न देता नुसता फिरतो. याला अनलोड म्हणतात आणि अनलोडमध्येही मशीन पूर्ण लोडच्या साधारण ३० टक्के वीज खातं. हिशोब केला तर १० एचपीला सरासरी ७.६ किलोवॅट लागतात, २० एचपीला १०.१. फरक अडीच किलोवॅट. महिन्याला ५०० युनिट, ९ रुपयांनी ४,५०० रुपये, वर्षाला ५४,०००. काम तेवढंच, डाळ तेवढीच! शिवाय मंजूर भार वाढवावा लागतो आणि त्याचा स्थिर आकार वेगळा.

अजून एक: तेलाचा स्क्रू कॉम्प्रेसर फार कमी लोडवर चालला तर पुरेसा तापत नाही. हवेतलं पाणी तेलात मिसळतं, तेल दुधाळ होतं आणि बेअरिंग खराब होतात. म्हणजे गरजेपेक्षा मोठं मशीन जास्त टिकतं हा समज इथे उलटा पडतो.

दिवसभरात हवेची मागणी खूप वरखाली होत असेल तर व्हीएफडी असलेला स्क्रू बघा. तो मागणीप्रमाणे वेग कमी-जास्त करतो. मागणी सारखीच राहत असेल तर त्यावर जादा पैसे घालू नका.

उदाहरण ३: मिरची पावडर

नंदुरबारची मिरची पथारीवर वाळते, गिरणीत दळली जाते आणि पाऊचमध्ये भरली जाते. दळणाच्या मोटरला हवा लागत नाही. हवा लागते ती पाऊच मशीनच्या सिलिंडरला आणि धूळ पकडणाऱ्या बॅग फिल्टरच्या झटक्यांना. लहान युनिटमध्ये ही गरज बहुतेक वेळा ५ ते १० सीएफएमच्या आत बसते आणि ३ ते ५ एचपीचं पिस्टन मशीन पुरतं. पण हवा कोरडी हवी. बॅग फिल्टरमध्ये ओली हवा गेली की पावडर पिशवीला चिकटते आणि गोळे होतात.

उदाहरण ४: कापडाचे माग

नवापूर एमआयडीसीत कापड उद्योग आहे. माग घ्यायचा विचार असेल तर आधी तो कोणत्या जातीचा आहे ते बघा. रेपियर मागात धागा यांत्रिक हाताने जातो, वॉटरजेटमध्ये पाण्याने, एअरजेटमध्ये हवेने. एअरजेटच्या एका मागाला ३० सीएफएम धरले तरी १२ मागांना ३६० होतात. म्हणजे ९० एचपी. इथे कॉम्प्रेसर हा प्रकल्पाचा मोठा खर्च आहे. मागाची किंमत ठरवताना त्याच्यासोबत हवेचा खर्च धरलाच पाहिजे.

दाब उगाच वाढवू नका

"प्रेशर दहावर ठेव, हवा जोरात येईल" हे फार ऐकायला येतं. दाब एक बारने वाढवला की वीज साधारण ६ ते ७ टक्के जास्त लागते. वर गळतीही वाढते. सगळ्यात जास्त दाब मागणारं मशीन बघा, लाइनमधली घट म्हणून अर्धा बार मिळवा आणि तिथे थांबा. एकाच मशीनला जास्त दाब लागत असेल तर त्याच्यासाठी वेगळा छोटा कॉम्प्रेसर जास्त स्वस्त पडतो.

आपल्याकडचा उन्हाळा, पाऊस आणि धूळ

पत्रक बनवणाऱ्याने नंदुरबारचा मे महिना पाहिलेला नसतो. बहुतेक स्क्रू मशीन ४५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेली असतात. बाहेर ४२-४३ असेल तर बंद पत्र्याच्या शेडमध्ये कॉम्प्रेसरजवळ ५० सहज होतं. मग मशीन भर दुपारी ट्रिप होतं. उपाय साधा आहे: कॉम्प्रेसर उत्तरेच्या भिंतीला, सावलीत ठेवा. हवा आत यायला थंड बाजूने जागा द्या. मशीनची गरम हवा डक्टने शेडच्या बाहेर काढा, ती परत आत फिरू देऊ नका. आत येणारी हवा ४ अंशांनी गरम झाली की वीज साधारण १ टक्का जास्त जाते, हेही लक्षात ठेवा.

पावसाळ्यात पाणी. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर ३५ सीएफएमच्या मशीनमधून ८ तासांत साधारण साडेआठ लिटर पाणी निघतं. एक अख्खी कळशी! हे पाणी टँकच्या तळाशी जमतं आणि न काढल्यास लाइनमधून सॉर्टेक्सच्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतं. रोज ड्रेन उघडा किंवा ऑटो ड्रेन बसवा. सॉर्टेक्स, पॅकिंग आणि पेंटिंगसाठी रेफ्रिजरेशन ड्रायर घ्याच. खाण्याच्या मालाला हवा थेट लागत असेल तर तेलाचा अंश पकडणारे बारीक फिल्टरही लागतात, आणि ऑइल-फ्री मशीनची किंमतही विचारून ठेवा.

धूळ तर आपल्याकडे आहेच. डाळीचा कोंडा आणि मिरचीची पूड सक्शन फिल्टर चोंदवतात. कॉम्प्रेसर दळणाच्या खोलीत ठेवू नका. भिंतीपलीकडे ठेवा.

धडगाव-तोरणमाळ भागात युनिट टाकणाऱ्यांसाठी खास: तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास उंच आहे. तिथली हवा सपाटीपेक्षा १० ते १२ टक्के विरळ. तेवढंच मशीन तिथे तेवढी कमी हवा देणार. हिशोबात ते आधीच धरा.

टँक आणि पाइप

स्क्रूसाठी टँक निदान मिनिटाच्या हवेच्या एक दशांश ते एक षष्ठांश असावा. ४० सीएफएम म्हणजे मिनिटाला ११३० लिटर. म्हणजे कमीत कमी ११५ ते १९० लिटर. व्यवहारात २५०-३०० लिटरचा घ्या. टँकवर सेफ्टी व्हॉल्व्ह, प्रेशर गेज आणि हायड्रो टेस्टचं प्रमाणपत्र बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. दाबाखालचा टँक फुटला तर माणूस जातो. कपड्यावरची धूळ हवेने उडवायची सवयही पहिल्या दिवसापासून बंद ठेवा.

पाइप बारीक घेऊन पैसे वाचत नाहीत. मेन लाइनला थोडा उतार द्या, शेवटी ड्रेन ठेवा आणि मशीनकडे जाणारी फांदी पाइपच्या वरच्या बाजूने काढा, म्हणजे पाणी खाली उतरत नाही.

गळतीचं तर विचारू नका. ७ बारला ३ मिलिमीटरचं एक भोक जवळपास ३ किलोवॅट वीज खातं. जेवणाच्या सुट्टीत सगळी मशीन बंद करा, कॉम्प्रेसर चालू ठेवा आणि घड्याळ लावा. समजा तो २ मिनिटं लोड होतो आणि ८ मिनिटं अनलोड राहतो. २ भागिले १०, म्हणजे २० टक्के हवा गळतेय. मग साबणाचं पाणी घ्या आणि प्रत्येक जॉइंट बघा.

जुनं मशीन घेताय? घड्याळ घेऊन जा

सुरतेहून जुना कॉम्प्रेसर आणणारे आपल्याकडे बरेच. जुनं घ्यायला हरकत नाही, पण रंग बघून घेऊ नका. टँक पूर्ण रिकामा करा, बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करा, मशीन चालू करा आणि ७ बार व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. टँकचे लिटर गुणिले ७, भागिले मिनिटं. २२० लिटरचा टँक ५ मिनिटांत भरला तर २२० × ७ ÷ ५ = ३०८ लिटर प्रति मिनिट, म्हणजे जवळपास ११ सीएफएम. टँकमधली हवा गरम असते म्हणून खरा आकडा थोडा कमीच धरा. विकणारा १८ सांगत असेल आणि घड्याळ ११ सांगत असेल, तर भाव घड्याळाप्रमाणे करा.

कोटेशन मागताना

जिल्हा उद्योग केंद्रातून पीएमईजीपी किंवा सीएमईजीपीची फाइल करत असाल तर कॉम्प्रेसरसोबत टँक, ड्रायर, फिल्टर, स्टार्टर आणि पाइपिंग सगळं त्याच प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये घ्या. बरेच जण फक्त मशीनचं कोटेशन लावतात आणि ड्रायरचे पैसे नंतर खेळत्या भांडवलातून जातात. पहिल्या वर्षी तेच पैसे कच्च्या मालाला लागणार असतात.

एल्जी असो, किर्लोस्कर असो की दुसरी कंपनी, प्रत्येक विक्रेत्याला हेच सात प्रश्न विचारा:

• माझ्या दाबाला एफएडी किती? लेखी द्या.
• पूर्ण लोडवर आणि अनलोडवर किती किलोवॅट?
• किती अंश तापमानापर्यंत चालतं?
• मंजूर भार किती लागेल, स्टार्टर कोणता?
• तेल, फिल्टर, सेपरेटर किती तासांनी आणि किती रुपयांना?
• सर्व्हिसचा माणूस धुळ्याहून येणार, सुरतेहून की नाशिकहून? किती तासांत?
• वॉरंटी कशावर आहे आणि कशाने रद्द होते?

तिसऱ्या आणि सहाव्या प्रश्नावर जो विक्रेता गडबडेल त्याच्याकडून घाईने घेऊ नका. हंगामात सॉर्टेक्स दोन दिवस बंद राहिलं तर मशीनच्या किमतीत वाचवलेले पैसे तिथेच जातात.

आता काम तुमचं. आज वहीत चार रकाने आखा: मशीन, सीएफएम, दाब, तासाला मिनिटं. तो कागद भरला की दुकानात जा आणि विक्रेत्याने एचपी सांगण्याआधी तुम्ही त्याला सीएफएम सांगा. पुढच्या वेळी डिझेल जनरेटरचं माप याच पद्धतीने काढू, कारण लाइट गेल्यावर हा कॉम्प्रेसर चालवायचा असेल तर तोही हिशोब लागणारच आहे.